रापी, आरी आणि हिशेबाची वही

आपल्या विद्यालयाच्या गेल्या वर्षीच्या पालक मेळाव्यात एका वयोवृद्ध आजोबांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतले. त्यांची नात आपल्याच वसतिगृहात राहून बारावी उत्तीर्ण झाली. माजी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही जी चर्मकामाची कार्यशाळा चालवितो, तिच्यात तिने नाव नोंदविले होते. आजोबा म्हणाले, “गुरुजी, माझ्या बापानं ढोरं वढायची सोडली, गावाचा मार खाल्ला, म्हणून आमी शाळंत गेलो. आन आता तुमीच पोरीच्या हातात पुन्हा कातडं देताय व्हय?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. “आजोबा, हे निराळं आहे,” एवढेच म्हणालो आणि ते मलाच अपुरे वाटले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कार्यशाळेविषयी माहितीपर लेख मागितला, तेव्हा ठरविले की माहिती तर द्यावीच, पण त्या प्रश्नाला वळसा घालू नये.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला एक गोष्ट नेहमी जाणवते. आपल्या गावगाड्यात चामड्याचे काम कधीच एका हाती नव्हते. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेण्याची सक्ती एका जातीवर, कातडे कमावण्याचे काम दुसऱ्या जातीकडे, कापण्या-शिवण्याचे तिसऱ्या जातीकडे, वाद्या-दोर वळण्याचे चौथ्या जातीकडे. प्रांतोप्रांती तपशील बदलत, चौकट बदलत नसे. मोबदला सुगीला मिळणाऱ्या धान्याच्या रूपात, तोही देणाऱ्याच्या मर्जीने. परिणाम असा की शेवटी पायात जाणाऱ्या वहाणेची खरी किंमत किती, हे या चौघांपैकी कोणालाच ठाऊक होण्याचे कारण नव्हते. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या 1936 च्या निबंधात बाबासाहेबांनी जातीला श्रमाच्या विभागणीपुरते मर्यादित न ठेवता श्रमिकांचीच विभागणी म्हटले. ती विभागणी पाहायची असेल, तर चामड्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. 1927 साली महाडच्या परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि पुढे गावोगाव लोकांनी ढोरे ओढणेही सोडले. आजोबांच्या वडिलांनी जे सोडले, ते सोडायलाच हवे होते.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या कार्यशाळेत कातडे सोलणे नाही, कमावणे नाही. तयार चामडे पावती घेऊन विकत आणायचे, त्यातून वस्तू करायची, तिची किंमत आपण ठरवायची आणि ती आपण विकायची. पहिल्या वर्षी सहा जण आले. चार मुलगे, दोन मुली. त्यांत चर्मकाराच्या घरातला एकच मुलगा होता. दोन दिवस तो इतरांसारखाच रापी चुकीची धरीत राहिला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीचा अंगठा कापला जाण्याच्या बेतात आला, तेव्हा त्याने न राहवून तिच्या हातातून रापी घेतली आणि मनगट न हलवता एका ओढीत सरळ पट्टा काढून दाखविला. येत असूनही त्याने ते दोन दिवस लपविले होते. त्याने का लपविले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

धम्माच्या दृष्टीने हे काम योग्य का, असेही काहींनी विचारले. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. चामड्याचे नाव त्या यादीत नाही. विनयपिटकातील महावग्गात तर पादत्राणे व चामडे यांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. सोण कोळिविस हा सुखवस्तू घरातून आलेला भिक्खू चंक्रमण करताना त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तथागतांनी त्याला एकपदरी पादत्राण वापरण्यास सांगितले. पण मला एकट्याला सवलत नको, असे तो म्हणाला आणि मग ती अनुज्ञा सर्व संघाला मिळाली. त्याच प्रकरणात भडक रंगांच्या, मिरविण्याच्या पादत्राणांना आणि वाघ-सिंहांच्या कातड्यांना मनाई आहे. तरीही ज्यांच्या मनाला चामडे पटत नाही, त्यांनी जाड कॅनव्हास किंवा रबर घ्यावे. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी त्यालाही लागू पडतात. मुंबईत सुधीर राजभर यांनी धारावीतील कारागिरांना बरोबर घेऊन टाकाऊ रबरापासून पिशव्या व वस्तू तयार केल्या आणि ज्या शब्दाचा शिवीसारखा वापर होतो तो ‘चमार’ हा शब्दच आपल्या उद्योगाला नाव म्हणून दिला. मालाबरोबर नावाचीही किंमत आपण ठरवू शकतो, याचे ते उदाहरण आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो.

नवख्याची पहिली चूक चामडे निवडताना होते. चामडे कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक वनस्पतीची : बाभळीची साल, हिरडा अशा तुरट पदार्थांच्या पाण्यात कातडे दिवसेंदिवस मुरवितात. असे चामडे ताठ, अंगाने घट्ट, तपकिरी-बदामी रंगाचे असते आणि वापरता वापरता त्याचा रंग गडद होतो. दुसरी क्रोमची : क्रोमियमच्या क्षारांनी काम लवकर उरकते, चामडे मऊ, लवचिक व पाण्याला थोडे अधिक टिकणारे होते. न रंगविलेल्या क्रोम चामड्याची कापलेली कड निळसर-करडी दिसते. ओळखण्याची सोपी रीत अशी, की कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. वनस्पतीने कमावलेले, वर रंगाचा थर नसलेले चामडे तो पिऊन टाकते आणि तेथे गडद डाग दिसतो. पट्टा, चपलेचा तळ, वहीचे वेष्टन, ठसा उमटवायचा असेल अशी कोणतीही वस्तू, यांसाठी वनस्पतीचे चामडे घ्यावे. मऊ पिशवी किंवा अस्तर यांसाठी क्रोमचे चालते. रेक्झिनला चामडे म्हणून विकू नये, आणि घेताना आपणही फसू नये : खऱ्या चामड्याची मागची बाजू तंतुमय असते, रेक्झिनच्या मागे कापडाची वीण दिसते.

महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे हल्ली येथील कारागिरांच्या हाती मुख्यतः म्हशीचे आणि शेळीचे चामडे येते, आणि पुष्कळसे तमिळनाडू, कोलकाता, कानपूर येथून येते. म्हशीचे जाड व दणकट, शेळीचे पातळ व मऊ. आम्ही धारावीतील दुकानांतून चामडे आणतो. एस.टी.ने किंवा रेल्वेने चामडे आणताना दुकानाचे छापील बिल वरच्या खिशात असू द्यावे. कारण सांगत बसत नाही.

चामडे चौरस फुटावर विकले जाते आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे त्याचे माप लिहिलेले असते. पण एकाच चामड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीचा भाग घट्ट आणि कमी ताणणारा, पोटाचा भाग सैल. पोटाकडून कापलेला पट्टा दोन महिन्यांत लांबतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. पट्टे नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापावेत. पोटाकडचे तुकडे आतल्या कप्प्यांना, किल्लीच्या बिल्ल्यांना वापरावेत. जाडीचा अंदाज असा : कमरेच्या पट्ट्याला साडेतीन ते चार मिलिमीटर, पाकिटाच्या बाहेरील भागाला सव्वा ते दीड, आतल्या कप्प्यांना एक किंवा त्याहून कमी. दुकानदार हवी तेवढी जाडी यंत्रावर तासून देतो; खरेदीच्या वेळीच सांगावे लागते, एवढेच.

हत्यारांवर आरंभी फार खर्च करू नये. रापी, सरळ आरी, हातोडी, पोलादी पट्टी, कंपास, भोके पाडायचे पंच, दोन जाड बोथट सुया, मेण लावलेला दोरा, चिकटविण्याचे सोल्युशन आणि खाली घ्यायला लाकडाचा ठोकळा, एवढ्यावर निम्म्या वस्तू होतात. सोल्युशन वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्याचा वास बंद खोलीत घातक आहे. रापी मात्र रोज दगडावर लावावी. बोथट रापीने जास्त जोर करावा लागतो, आणि हात कापतो तो त्या जोरामुळे.

कापण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा पुठ्ठ्याचा साचा करावा. त्यावर तारीख आणि वस्तूचे नाव लिहावे. चामडे उजेडात पसरून त्यावरील ओरखडे, गोचिडांच्या खुणा, जुन्या जखमांचे व्रण खडूने घेरावेत आणि मग साचे मांडून पाहावेत. आमच्या मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते आणि ती लगेच कापायला धावतात. पण पैसा येथेच वाचतो किंवा बुडतो.

शिवण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हाताने केलेल्या वस्तूला जास्त पैसे का द्यावेत, याचे खरे उत्तर टाक्यात आहे. शिलाई यंत्राच्या टाक्यात वरचा एक दोरा आणि खालचा एक दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक दोरा तुटला की शेजारचे टाके सैल होऊन उसवू लागतात. हाताच्या दोन सुयांच्या टाक्यात एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई असते आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. झिजून एक बाजू तुटली तरी दुसरी बाजू टाका धरून ठेवते. करावे असे : कडेपासून तीन-चार मिलिमीटर अंतरावर कंपासाने रेघ ओढावी, रेघेवर साधारण चार मिलिमीटरवर एक अशी खूण करावी, आरीने भोक पाडावे. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्यावा. प्रत्येक टाक्याला आधी कोणती सुई, हे एकदा ठरवले की ते शेवटपर्यंत बदलू नये. नाहीतर टाके वाकडेतिकडे दिसतात आणि का ते कळत नाही. शेवटी दोन टाके उलट घेऊन दोरा कापावा. रस्त्याकडेला बसणारे कारागीर आकड्याच्या आरीने खालचा दोरा वर ओढून जो टाका घालतात, तो वेगळा आणि झपाट्याचा असतो. तो शिकायला त्यांच्याच शेजारी बसावे लागते. आमच्या दोन मुलांनी एका कारागीर काकांच्या खोक्याशेजारी आठवडाभर बसून तो उचलला. काकांनी पैसे घेतले नाहीत. आम्ही कार्यशाळेच्या वतीने त्यांना रोजी दिली, कारण शिकविणे हेही काम आहे.

कडा उघड्या सोडू नयेत. कापलेली कड बारीक पॉलिश कागदाने घासून, किंचित ओली करून, गुळगुळीत लाकडाने जोराने घासली की तंतू एकमेकांत बसून कड चमकू लागते. वर मेण चोळावे. गिऱ्हाईक पाकीट उघडण्याआधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवतो, हे मी प्रदर्शनात कित्येकदा पाहिले आहे.

एक तांत्रिक गोष्ट आम्हाला नुकसानीनंतर कळली. वनस्पतीने कमावलेल्या चामड्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा ओलाव्यात संयोग झाला की काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. स्वस्तातली लोखंडी रिव्हेटे वापरलेले आमचे अकरा पट्टे पहिल्याच पावसाळ्यात प्रत्येक टाचणीभोवती काळे पडले. तेव्हापासून बक्कल आणि रिव्हेट पितळीच.

कमरेच्या पट्ट्याचे माप पँटच्या आकड्यावरून कधीही घेऊ नये. गिऱ्हाइकाचा सध्याचा पट्टा मागावा आणि बक्कलाच्या घडीपासून तो जे भोक वापरतो, तेथवर मोजावे. नव्या पट्ट्याला विषम संख्येने, म्हणजे पाच किंवा सात भोके पाडावीत आणि मधले भोक त्या मापावर यावे. पुढे-मागे पोट वाढले तरी पट्टा चालतो.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला बसलो, तो भाग. दुसऱ्या वर्षी एका संस्थेने परिषदेसाठी चाळीस चामडी फाइलींची मागणी नोंदविली. आम्हाला आनंद झाला. हिशेब केला तो असा : एका फाइलला दोन चौरस फूट चामडे, 95 रुपये फुटाने 190 रुपये; दोरा, टिचबटण, सोल्युशन मिळून 25; एकूण 215. विक्री 350 रुपयांना. म्हणजे फाइलमागे 135 रुपये सुटतील, अशा समजात आम्ही शब्द दिला.

प्रत्यक्षात साचे मांडल्यावर तुकड्यांच्या उरलेल्या कोपऱ्यांसह एका फाइलला अडीच फूट चामडे लागले. म्हणजे 237 रुपये 50 पैसे, वरचे 25 धरून 262 रुपये 50 पैसे. हाती राहिले 87 रुपये 50 पैसे. चाळीस फाइलींचे 3500. तीन फाइली बिघडल्या, त्यांचे साहित्य गेले सुमारे 790 रुपयांचे. मुंबईला जाण्या-येण्याचे 600. उरले 2110. एका फाइलला चार तास लागत होते. बिघडलेल्या धरून 172 तास. तासाला सुमारे 12 रुपये! त्यातही पैसे पाच महिन्यांनी मिळाले, कारण आम्ही आगाऊ रक्कम मागितली नव्हती. आपल्याच माणसांकडे आगाऊ कसे मागायचे, असा आमचा संकोच होता.

त्या रात्री मी फळ्यावर हा हिशेब मांडला, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, मग बलुत्यात आणि यात फरक काय राहिला?” त्या आजोबांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला तिच्या प्रश्नात मिळाले. काम तेच असू शकते. आपल्या वेळेची किंमत वहीत लिहिली जाते का, यावर ते काम कोणते, हे ठरते.

आता आम्ही हिशेब असा करतो. तीच फाइल : साहित्य, तुकड्यांच्या नासाडीसह, 265 रुपये. श्रम, चार तास, तासाला 100 रुपयांप्रमाणे 400. हत्यारांची झीज, वीज, प्रवास, बिघाड यांसाठी या दोहोंच्या बेरजेवर साधारण दहा टक्के, म्हणजे 65. एकूण 730. त्यावर नफा वीस टक्के धरला तर सुमारे 875. ही झाली आपण कमीत कमी ज्या भावाला वस्तू हातातून सोडू शकतो, ती रक्कम. दुकानात ठेवायची तर दुकानदार विक्रीच्या किमतीतून चाळीस टक्क्यांपर्यंत वाटा मागतो. तेव्हा दुकानातील किंमत 1450 च्या आसपास जाते. नफा आणि मजुरी वेगवेगळ्या ओळींत लिहावी, हे मी मुद्दाम सांगतो. आपले लोक मजुरीलाच नफा समजतात आणि मग पुढच्या चामड्याला पैसे उरत नाहीत.

या भावाने चाळीस फाइलींची मागणी पुन्हा आली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पंधरा फाइलींची आली, 900 रुपये दराने, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन. मुलांनी त्या पंधरा सावकाश आणि चांगल्या केल्या. स्वस्त मालाच्या स्पर्धेत हाताने काम करणाऱ्याने उतरू नये. तेथे कारखाना जिंकतो. ज्याला आपल्या नावाची अक्षरे उमटवून हवी आहेत, आपल्या मापाची वस्तू हवी आहे, उसवली तर परत शिवून देणारा माणूस ओळखीचा हवा आहे, असे गिऱ्हाईक शोधावे. वस्तूबरोबर एक चिठ्ठी द्यावी : चामडे कशाचे, कोणी शिवले, दुरुस्ती कोठे होईल. आमच्या विक्रीतील बराचसा भाग अशा दुरुस्तीला आलेल्या माणसांनी नंतर आणलेल्या नातेवाइकांचा आहे.

विक्रीच्या जागा आपल्याजवळच आहेत. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि चैत्यभूमीवर 6 डिसेंबरला पुस्तकांची जी प्रचंड उलाढाल होते, ती सर्वांना ठाऊक आहे. तेथे पुस्तक घेणारा वाचक वहीचे चामडी वेष्टन, चष्म्याचे घर, खांद्याची झोळी घेऊ शकतो. पण तेथे गर्दी फार, थांबायला वेळ कमी. म्हणून महागडी वस्तू न ठेवता 150 ते 400 रुपयांच्या छोट्या वस्तू ठेवाव्यात आणि मोठ्या वस्तूंचा एकेक नमुना ठेवून मागणी लिहून घ्यावी. पहिल्या वर्षी पाकिटांवर बाबासाहेबांची प्रतिमा उमटवा, असा आग्रह अनेकांनी धरला. मी नकार दिला. पाकीट मागच्या खिशात जाते आणि माणूस त्यावर बसतो! वहीच्या वेष्टनावर धम्मचक्र किंवा बोधिवृक्षाचे पान शोभते. पट्टा, चप्पल, पाकीट यांवर कोणतीच प्रतिमा नको. यावर विक्री थोडी घटली तरी चालेल, असे माझे मत आहे.

मोबाइलवर छायाचित्र पाठवून विकणाऱ्यांसाठी एवढेच : दिवसा खिडकीजवळ, पांढऱ्या कापडावर, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. एक फोटो कडेचा, एक टाक्याचा आणि एक मागच्या बाजूचा. चामड्याचा रंग प्रत्येक तुकड्यात थोडा बदलतो, हे आधी लिहून कळवावे. पैसे मिळाल्यावर पाठवणी. वस्तूंच्या विक्रीची वार्षिक उलाढाल 40 लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र ऑनलाइन दुकानांतून किंवा परराज्यात विकायचे असल्यास नियम वेगळे आहेत, तेव्हा जाणकाराला विचारून घ्यावे.

कोल्हापुरी चपलेविषयी माजी विद्यार्थी सर्वांत जास्त विचारतात, म्हणून चार शब्द. ही चप्पल खिळा न वापरता, चामड्याच्या तळावर चामड्याच्याच वादीने किंवा दोऱ्याने शिवून होते. कागल तालुक्यातील कापशी गावाच्या नावाचा प्रकार प्रसिद्ध आहे. वेणी घालणे, गोंडे करणे, नक्षीचे बारीक काम हे बहुतेक घरांत स्त्रिया करतात, आणि त्यांची मजुरी वेगळी धरली जात नाही. आमच्या वहीत ती धरली जाते. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. म्हणजे या जिल्ह्यांबाहेर केलेली चप्पल कितीही सुंदर असली तरी ती ‘कोल्हापुरी’ या नावाने विकता येत नाही. आणि जिल्ह्यात राहूनही कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवून घ्यावे लागते. मानांकन आपोआप घरात येत नाही.

जून 2025 मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात अगदी कोल्हापुरीसारख्या वहाणा सादर केल्या आणि आरंभी तिच्या मुळाचा उल्लेखही केला नाही. टीका झाल्यावर भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी करार झाला. मर्यादित संख्येतील जोड्या सुमारे 800 युरोंना विकण्याचे जाहीर झाले. आपल्याकडे यावर अभिमानाची आणि संतापाची पुष्कळ चर्चा झाली. मी मुलांना एवढेच काम दिले : युरोचा त्या दिवसाचा भाव शोधा, गावातल्या कारागिराला एका जोडीमागे काय मिळते ते विचारा, आणि दोन्ही आकडे एकाखाली एक लिहा. चर्चेचा वर्ग दोन तास चालला.

ज्यांना पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी वाटा आहेत. वर उल्लेखिलेले आपल्या राज्याचे महामंडळ 1974 पासून काम करते. चर्मकार समाजातील युवकांना प्रशिक्षण व कर्जाच्या योजनांसाठी तेथे चौकशी करावी. मुंबईत वांद्रे येथील शासकीय तंत्रनिकेतनात चर्म तंत्रज्ञानाची पदविका घेता येते. केंद्राच्या सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत पादत्राणे करणारे कारागीर येतात. त्यांत हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, तेव्हा अर्ज कोणाच्या नावे करायचा हे घरी बसून ठरवावे. मुलगी काम करीत असेल तर तिच्या नावे करावा.

आजोबांची नात दोन महिन्यांची कार्यशाळा पूर्ण करून गेली. ती आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि सुटीत आमच्या वहीचे जमा-खर्चाचे पान तीच लिहिते. आजोबांनी अजून कार्यशाळेच्या खोलीत पाऊल टाकलेले नाही. मीही आग्रह केलेला नाही.

शेवटी पावसाळ्याविषयी, कारण तक्रारी तेव्हाच येतात. चामडी वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नये; ओल आत कोंडते आणि बुरशी येते. सुती कापडात किंवा कागदात गुंडाळून हवेशीर ठेवावी. भिजली तर चुलीजवळ किंवा कडक उन्हात न वाळवता, आत कागदाचे बोळे घालून सावलीत वाळवावी. पूर्ण वाळल्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. बुरशीचा पांढरा थर दिसला तर घराबाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसावा आणि दोन दिवस मोकळ्या हवेत ठेवावे. प्रत्येक गिऱ्हाइकाला हे विकतानाच सांगितले की निम्म्या तक्रारी येत नाहीत.

येत्या उन्हाळ्यात कार्यशाळा परीक्षा संपल्यावर वसतिगृहाच्या पूर्वेकडील खोलीत भरेल. वय 18 पूर्ण असलेले माजी विद्यार्थी आणि पालक दोघेही येऊ शकतात. हत्यारे आम्ही देतो. येताना शंभर पानी वही, पोलादी पट्टी आणि घरातला एखादा टाकाऊ, झिजलेला चामडी पट्टा किंवा पाकीट आणावे. पहिल्या दिवशी ते उसवून, तुकडे मांडून, प्रत्येक तुकड्याचे माप आणि त्याची किंमत वहीत लिहायची असते.